हिरवं पाकीट

यंत्राला काही कळत नाही असं म्हणणाऱ्याने तैवानमधल्या शिंचूच्या एखाद्या प्रयोगशाळेत आठवडा काढून बघावा. तिथे जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खाऊचं एक हिरवं पाकीट असतं. मक्याचा फुगवलेला, नारळाच्या वासाचा, पोराटोरांचा खाऊ. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. पाकीट हिरवंच लागतं, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र ठीक. पिवळं ठेवलं तर यंत्र कुरकुरतं, लाल ठेवलं तर बसतं. आणि तारीख उलटलेलं तर चुकूनही ठेवायचं नाही. शिळं खायला घातल्यावर कोण शहाण्यासारखं वागेल? हसायचं त्याने खुशाल हसावं. ठेवणाऱ्यांत निम्मे पीएचडी झालेले असतात.

फक्त झुआंग सरांच्या प्रयोगशाळेत ह्या प्रकाराला बंदी होती. "यंत्राला नैवेद्य दाखवायचा असेल तर देवळात नोकरी धरा," असं ते तीस वर्षं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवत आले होते. आणि तरीही त्यांच्याच प्रयोगशाळेत, पट्ट्या ओढून तोडायच्या यंत्रावर, गेलं जवळजवळ वर्षभर एक पाकीट होतं. अगदी वर, हवा कोरडी करणाऱ्या पेटीच्या टपावर, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. शाओ-यूनला वाटायचं, लो मावशींनी ठेवलं असेल. लो मावशींना वाटायचं, शाओ-यूनने ठेवलं. सरांच्या नजरेला ते पडलं नसावं ह्यावर मात्र दोघींचं एकमत होतं, कारण पडलं असतं तर ते खिडकीबाहेर गेलं असतं.

पंग शाओ-यून बत्तीस वर्षांची. पीएचडीचं सहावं वर्ष. व्हायवाला तीन आठवडे उरले होते आणि तिचं जेवण, झोप, केस विंचरणं सगळं त्या तीन आठवड्यांच्या पलीकडे ढकललेलं होतं. लो मावशी म्हणजे विभागातल्या यंत्रांची राखण करणाऱ्या बाई. सत्तावीस वर्षांची नोकरी, तोंडाने फटकळ, आणि कपाटात पाकिटांचा साठा.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मावशी ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढल्या आणि तिथूनच ओरडल्या, "ए बाई, ह्या पाकिटाची तारीख बघितलीस का? परवाच उलटलीय. व्हायवा तोंडावर आणि यंत्राला शिळं घालतेस?"

"मी कुठे घालतेय? तुम्हीच ठेवलंत ना ते?"

"मी? ह्या खोलीत? मला पेन्शन प्यारी आहे गं."

कोणी ठेवलं ह्याचा काथ्याकूट करायला दोघींनाही वेळ नव्हता. मावशींनी पाकीट खाली दिलं, शाओ-यूनने ते टेबलाच्या खणात टाकलं. कपाटात बघितलं तर हिरवी संपलेली, एकच पिवळं पडलेलं.

"पिवळं ठेवू का तात्पुरतं?" शाओ-यूनने गमतीने विचारलं.

"त्यापेक्षा हातोडाच घाल त्याच्या डोक्यात," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी पट्टी तुटली.

आता ह्या पट्टीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर तुटली तर तुटली, त्यात काय, असं वाटेल. साधं प्लास्टिक म्हणजे कण एकमेकांना कायमचे शिवलेले असतात. शाओ-यूनच्या पट्टीत शिवण नव्हती, नुसती गाठ होती. एका मिठाची लांब साखळी, ऋण भाराची. आणि दुसरा छोटा कण, दोन्ही हातांना धन भार असलेला. हे छोटे कण त्या साखळ्यांना दोन्हीकडून धरून ठेवतात, आणि पुन्हा विरघळवायचं म्हटलं तर खाऱ्या पाण्यात हात सोडून मोकळे होतात. मागे कचरा उरत नाही. छोट्या कणाचे हात लांब केले, आखूड केले, प्रमाण बदललं की पट्टी कधी काचेसारखी कडक होते, कधी रबरासारखी ताणते. पण कडक झाली की टचकन तुटते आणि ताणली की लोंबते. दोन्ही गुण एका पट्टीत आणायचे, आणि तेही पूर्ण कोरड्या हवेत, हा झुआंग सरांचा तीस वर्षांचा हट्ट. बाकीचे म्हणत, मिठाच्या गाठीला ते जमायचं नाही.

शाओ-यूनने चार वर्षं पट्ट्या तोडल्या. कितीतरी प्रकारचे हात, कितीतरी प्रमाणं. रोजचे तुकडे एका डबीत भरायचे, वर तारीख टाकायची, डबी कपाटात ठेवायची. कपाट भरलं. मग गेल्या डिसेंबरात एक दिवस पट्टी तुटलीच नाही. ताणत गेली, ताणत गेली, चौपट झाली, आणि जोरही भरपूर घेतला. मापक हवेतला ओलावा वीस टक्के दाखवत होता, म्हणजे कोरडी ठणठणीत. तिने पुन्हा केली, पुन्हा तेच. उन्हाळ्यात पेपर गेला, सप्टेंबरात छापून आला. विभागाचा नियम असा की नाव असलेल्या पत्रिकेत एक पेपर आल्याशिवाय व्हायवा नाही. तो आला होता. सर जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. शाओ-यून त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आणि हा पेपर त्यांच्या हट्टाची परतफेड.

तर शुक्रवारी पट्टी तुटली. टक. आठ टक्के ताणली आणि संपली. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांना समोर ओढून दाखवायच्या पट्ट्यांपैकी ही पहिली.

बुडबुडा राहिला असेल, असं म्हणून तिने शनिवारी दुसरी लावली. तीही तुटली. पेटीकडे बघितलं तर आतले ओल शोषणारे निळे मणी गुलाबी झालेले. मणी गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून परत निळे करायचे असतात. तिने भाजले. शेवटचे कधी भाजले होते म्हणून वही चाळली, तर गेल्या वर्षीचा डिसेंबर निघाला. पूर्वी दर दहा दिवसांनी भाजावे लागत. मधल्या काळात लागलेच नव्हते, आणि ह्या गोष्टीचा तिला तेव्हा आनंदच झाला होता, एक काम कमी झालं म्हणून. आता मात्र त्यात काहीतरी खटकलं. नेमकं काय ते तिला धरता येईना.

"पाकीट ठेवलंस का नवीन?" लो मावशींनी दारातूनच विचारलं.

"दुकानात मिळालं नाही."

"मग रडतेस कशाला? उपाशी यंत्र, दुसरं काय करणार!" मावशी स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या, तीन पाकिटं घेऊन आल्या, स्वतः स्टुलावर चढून एक बरोबर पूर्वीच्या जागी ठेवलं, आणि हात झटकत उतरल्या. "सोमवारी बघ."

सोमवारी पट्टी चौपट ताणली.

"काय सांगितलं होतं?" मावशी म्हणाल्या. "सहा वर्षं शिकलीस आणि एवढं कळलं नाही." आणि त्या चहाला गेल्या.

शाओ-यून हसली. आकडा वहीत लिहिला. पेन खाली ठेवलं. आणि मग तिथेच उभी राहिली. पाकीट होतं, पट्टी ताणली. पाकीट काढलं, पट्टी तुटली. पाकीट ठेवलं, पुन्हा ताणली. हेच जर एखाद्या रसायनाबद्दल असतं तर तिने काय केलं असतं? त्या रसायनाला दोषी धरलं असतं. पाकिटाला सोडायचं ते काय म्हणून? खाऊ म्हणून?

ती स्टुलावर चढली. पाकीट उचललं. खाली जाळी होती, तळहाताएवढी. त्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढली जाते, मण्यांतून जाते, मापकाजवळून जाते आणि नळीने खाली पट्टीच्या पेटीत उतरते. तिने जाळीवर हात ठेवला. तळव्याला ओढ जाणवली. पाकीट परत ठेवलं आणि खालच्या नळीच्या तोंडाशी बोट धरलं. बोटाला काहीच लागलं नाही. आतला पंखा मात्र नेहमीसारखाच घरघरत होता.

शेजारच्या प्रयोगशाळेतून तिने खिशात मावेल असा दुसरा मापक मागून आणला आणि पट्टीच्या पेटीत ठेवला. वरच्या मापकावर एकोणीस. खालच्यावर चौसष्ट.

वरचा मापक खोटं बोलत नव्हता. त्याच्याजवळची हवा खरंच कोरडी होती, मण्यांत कोंडलेली. ती खाली येत नव्हती, एवढंच. गेलं वर्षभर प्रत्येक पट्टी ओढायच्या आधी चोवीस तास खोलीतल्या दमट हवेत बसली होती. पापड सादळावा तशी सादळली होती. त्या पाण्याने मिठाच्या गाठी सैल केल्या होत्या, आणि गाठी सैल झाल्या म्हणून पट्टी तुटत नव्हती. मणी वर्षभर निळे राहिले ते ह्याचमुळे. त्यांच्यापर्यंत ओल जातच नव्हती.

ती स्टुलावरच बसली. पेपरात सोळा वेळा 'कोरड्या हवेत' असं लिहिलं होतं. ते शब्द तिनेच लिहिले होते.

आणि सगळ्यात जास्त डाचलं ते दुसरंच. तिच्या हाताला कळलं होतं. तिच्या घरी पर्सिमनची वाडी, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या तांबड्या, गोड फळांची. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातला वारा सुटला की सोललेली फळं बांबूच्या सुपांवर वाळत घालायची आणि रोज एकेक हातात घेऊन हलकेच दाबायची. लहानपणापासून तिची बोटं त्यात तयार झालेली. डिसेंबरातली ती पहिली पट्टी चिमट्यातून काढताना तिला वाटलं होतं, हिच्या पोटात पाणी आहे. आणि मापकावर वीसचा आकडा बघून तिने बोटांना गप्प बसवलं होतं.

नेमके किती महिन्यांचे आकडे बाद, हे ठरवायचं तर पाकीट कधी आलं ते कळायला हवं. तिने खणातलं जुनं पाकीट काढलं. ठेवणाऱ्यावर तिचा असा संताप झाला होता की समोर असता तर तिने त्याला त्याच पाकिटाने बडवलं असतं. तिने ते उलटं केलं. पाकिटाच्या पाठीवर यंत्राला उद्देशून चार शब्द लिहायची पद्धत असते, तसं काळ्या पेनाने लिहिलेलं होतं:

'शाओ-यूनच्या पट्ट्या तोडू नकोस. म्हाताऱ्याची विनंती. ११ डिसेंबर.'

अक्षर तिने सहा वर्षं आपल्या प्रत्येक मसुद्याच्या समासात बघितलं होतं. तारीख टाकल्याशिवाय सर कशावरही काही लिहीत नसत, खाऊच्या पाकिटावरही नाही. तिची पहिली न तुटलेली पट्टी चौदा डिसेंबरची.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. नवीन पाकीट तिने काढून ठेवलं, मग परत ठेवलं, मग परत काढलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हायवापर्यंत पाकीट जागेवर राहू द्यायचं, परीक्षकांसमोर पट्टी चौपट ताणेल, टाळ्या पडतील, सर मानाने निवृत्त होतील. कोणाला कळणार? आणि सांगायचं तर काय सांगायचं? पेपर मागे घ्यायचा म्हणजे व्हायवा गेला. सर गेले की दुसऱ्या कोणाच्या हाताखाली पुन्हा सुरुवात. आणि का मागे घेतला, तर सर, तुमच्या मायेने.

रविवारी ती गावी गेली. अंगणात सुपांवर फळं मांडलेली, वारा असा की बोलणं वाऱ्यावर जायचं. आईने तिच्यापुढे एक सूप सरकवलं. दोघी फळं दाबत बसल्या.

"हे बघ," आई म्हणाली, "वरून कसं सुरेख झालंय. आणि पोटात पाणी. हे आज डब्यात भरलं ना, तर पंधरा दिवसांत बाकीची सगळी नासवेल."

"मग काय करायचं त्याचं?"

"काय करायचं! परत सुपात. वारा काय कोणाच्या लग्नाला जायचाय?" आईने फळ परत मांडलं. "बरं, ते कापड छापायला टाकलं. लाल, सोनेरी अक्षरं. देवळासमोर लावायचं. 'पंग घराण्याची कन्या डॉक्टर झाली.' घराण्याची म्हणावं की कुटुंबाची, ह्यावर तुझे काका दोन तास वाद घालत होते."

"अजून व्हायवा व्हायचाय, आई."

"अगं होईल की. पेपर आलाय ना छापून? सहा वर्षं ह्या गावाने मला विचारलंय, मुलगी अजून शिकतेय का म्हणून. आता त्यांना वाचायला लावते."

शाओ-यूनने मान खाली घातली. हातातलं फळ तिने जरा जास्तच जोरात दाबलं, ते फुटलं. आईने फडकं पुढे केलं.

सोमवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा सर पुस्तकं खोक्यांत भरत होते.

"बस. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर माझी चार वर्षं ठेवलीयत."

ती बसलीच नाही. "सर, आपले आकडे चुकलेत."

"कुठले?"

"डिसेंबरपासूनचे. सगळे."

सरांच्या हातात एक जाड पुस्तक होतं. ते त्यांनी खोक्यातही घातलं नाही आणि फळीवरही ठेवलं नाही. तिने सांगितलं. पट्ट्या कोरड्या नव्हत्या. पाण्याने सैल झालेल्या होत्या. कोरड्या केल्या की आठ टक्क्यांवर तुटतात, आधीच्या चार वर्षांत तुटायच्या तशाच.

"मापक बिघडला होता?"

"नाही. मापक वरच्या पेटीत आहे, तिथे कोरडंच होतं. हवा खाली येत नव्हती. जाळी बंद होती."

"कशाने?"

इतकं सगळं सांगून झाल्यावर इथे मात्र तिने ताकाला जाऊन भांडं लपवलं. "धूळ, सर."

"धूळ," सर म्हणाले. "लोबाई दर शुक्रवारी फडकं घेऊन येते. फिरवायचं राहिलंय ते फक्त माझ्या टकलावरून. तिला जाऊन सांग हे, मी इथे बसून ऐकतो."

"वर कोणाचा हात पोचत नाही ना. हळूहळू बसली असेल."

"हळूहळू बसली असती तर आकडेही हळूहळू चढले असते. तुझा आलेख मला पाठ आहे. तेरा डिसेंबरपर्यंत आठ, नऊ, आठ. चौदा डिसेंबरला एकदम..."

सर थांबले. पुस्तक टेबलावर ठेवलं. मग उठून चालू लागले, आणि ती त्यांच्यामागे. यंत्रासमोर जाऊन त्यांनी मान वर केली. टप रिकामा होता.

"इथे एक पाकीट होतं."

"होतं. तारीख उलटली होती, टाकून दिलं."

"मागून बघितलंस?"

"नाही."

"नाही म्हणतेस," सर म्हणाले, "आणि मागे काय होतं ते विचारत नाहीस."

तिने कोटाच्या खिशातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःचंच अक्षर वाचलं.

"ऐकलं म्हणायचं त्याने," ते म्हणाले. "मी म्हटलं, हिच्या पट्ट्या तोडू नकोस. नाही तोडल्या."

तिला आलेला राग तेव्हा बाहेर पडला. सहा वर्षांत ती सरांसमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "कशाला ठेवलंत, सर? तुम्ही? तुटत होत्या तर तुटू द्यायच्या होत्या! मी दुसरं काही केलं असतं, नसतं जमलं म्हणून लिहिलं असतं. निदान ते खरं असतं."

"हो."

"मग कशाला?"

"तू रोज संध्याकाळी ते तुकडे डबीत भरायचीस, तारीख टाकायचीस आणि मला 'येते सर' म्हणून हसून जायचीस. मला ते बघवेना." सर यंत्राकडेच बघत बोलत होते. "आणि माझ्याकडे सुचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात लांब कर, आखूड कर, सगळं सांगून झालं होतं. मग दुकानातून हे आणलं. तीस वर्षं दुसऱ्यांना हसलो, म्हणून सकाळी लवकर येऊन, कोणी नसताना, अंधारातच ठेवलं. उजेडात ठेवलं असतं तर जाळी दिसली असती."

तिचा राग होताच, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना.

सर खोलीत परत आले आणि पत्रिकेच्या संपादकांना पत्र लिहायला बसले. दोन बोटांनी टाइप करायचे ते. ती मागे उभी राहून वाचत होती. आमचा पेपर मागे घ्यावा. ह्या ह्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. कारण: हवा कोरडी करणाऱ्या पेटीच्या जाळीवर प्रस्तुत लेखकांपैकी ज्येष्ठ लेखकाने, म्हणजे मी, यंत्र नीट चालावं ह्या समजुतीने खाऊचं एक पाकीट ठेवलं होतं. विद्यार्थिनीला त्याची कल्पना नव्हती.

"सर, 'हवेच्या वाटेत अडथळा आला' एवढं लिहा ना. तेही खोटं नाहीये."

"खोटं नाही, अर्धं आहे. उद्या दुसरा कोणी असलीच पेटी बांधेल. जाळीवर काय ठेवू नये हे त्याला कुठून कळायचं?"

"लोक हसतील. तुमच्या निरोपसमारंभात हसतील."

"हसू देत. त्यांच्या पाकिटांखाली जाळ्या नव्हत्या, एवढाच फरक." सरांनी पत्र पाठवलं. "विभागातल्या प्राध्यापक श्याओबाईंशी मी आजच बोलतो. त्या तुला हाताखाली घेतील. पाण्याचं धरून पुढे जा. किती ओल, किती ताण. ते आकडे खरे आहेत आणि तुझे आहेत. दीड वर्ष धर."

"पण मला कोरडं हवं होतं, सर."

"मलाही," सर म्हणाले.

ती व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावत उभी राहिली. बाहेर वारा शिट्ट्या घालत होता, एक कान बोटाने बंद करावा लागला.

"आई, ते कापड छापू नको सांग."

"छापून आलं की. कालच. का गं?"

तिने सांगितलं. सगळं नाही, चूक झाली, पेपर मागे घेतला, व्हायवा नाही, एवढंच. पलीकडूनही वाऱ्याचा आवाज येत होता. आई अंगणातच असणार.

"तुझी चूक?" आईने विचारलं.

"माझीही. हाताला कळलं होतं आणि मी ऐकलं नाही."

"किती दिवस आता?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष," आई म्हणाली. आणि, "मग घडी घालून ठेवते. कोरड्या जागी. लाल रंग लवकर उडतो म्हणतात." आणि फळं उलटायची आहेत असं सांगून तिने फोन ठेवला.

शाओ-यून परत आली तेव्हा सर यंत्रासमोरच्या स्टुलावर बसलेले होते. पाकीट कात्रीने उघडून मांडीवर धरलं होतं आणि ते एकेक दाणा तोंडात टाकत होते. तोंडात टाकला की कुरुमकुरुम असा स्वच्छ आवाज यायचा. तारीख उलटून दोन आठवडे झाले होते तरी दाणे आजच भाजल्यासारखे होते.

"घे," सरांनी पाकीट तिच्यापुढे धरलं. "ह्या खोलीत वर्षभर कोरडं राहिलं ते एवढंच."

तिने एक दाणा घेतला. दाताखाली तो फुटला आणि तिला रडू आलं, अगदी लहान मुलासारखं, आवाज करून. सरांनी तिला गप्प बस म्हटलं नाही. ते दुसऱ्या स्टुलाकडे सरकले, तिला बसायला जागा केली, आणि पाकीट दोघांच्या मधे ठेवलं. वर पेटीतला पंखा घरघरत होता आणि नळीतून कोरडी हवा खाली येत होती. दोघांनी मिळून ते संपवलं.